ऑस्करची जोडी

प्रिय चिंगे,

फोनच केला असता, पण माझा आवाज जरा हलला की तू लगेच "ताई, काय झालं?" म्हणतेस, आणि मग मला पुढचं बोलता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

दुकान बरं चाललंय. शोभेचे मासे विकण्यापेक्षा टाकीत कोण कुणाबरोबर नांदेल हे सांगण्यातच माझा दिवस जातो. तुझे भावजी म्हणतात, एवढी लग्नं जुळवली असतीस तर बंगला झाला असता. त्यातून सिक्लिड जातीचे मासे म्हणजे देखणे तितकेच भांडकुदळ. मध्यंतरी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे टाकी लावली, पेशंट बसतात त्या खोलीत. घाबरलेली मुलं बघत बसतील असे मासे हवे होते. मी वर संथ फिरणारे एंजल निवडले आणि तळाशी बोटाएवढे निळे-पिवळे रॅम. दोघांनाही मऊ, कोमट पाणी मानवतं आणि कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. बाईंचा जीव ऑस्कर माशावर होता. मी साफ सांगितलं, नको. तोंडात मावेल ते गिळतो तो.

सोमवारी त्यांचा फोन आला. जाऊन बघते तर एकही रॅम नाही, एंजलचे पंख फाटलेले, आणि दगडाआड तळहाताएवढे दोन ऑस्कर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी आणून सोडले हे, म्हणून मी सगळ्यांसमोर ओरडले. बाई हळूच म्हणाल्या, "ताई, शनिवारी तुम्हीच आणलेत. मी विचारलं, तर म्हणालात, काही होत नाही, गुण्यागोविंदानं राहतील."

मी हसले. थट्टाच वाटली गं! पण कुणीच हसत नव्हतं. काउंटरवरच्या मुलीनं माझी छत्री पुढे केली. शनिवारी विसरून गेला होतात, म्हणाली.

चिंगे, माणूस विसरतो. पण कुणी आठवण करून दिली की आत काहीतरी हलतं ना? माझ्या आत काहीच हललं नाही. तो शनिवार कुणीतरी कापून नेल्यासारखा गेलाय. तेव्हापासून गॅस बंद केला का ते पुन्हापुन्हा बघते. गिऱ्हाइकानं दोन मासे दाखवून "हे एकत्र चालतील का?" विचारलं की पुस्तक उघडून बघितल्याशिवाय उत्तर देत नाही. परवा तर घराजवळच्या चौकात डावीकडे की उजवीकडे तेच कळेना. ओळखीच्या शिंपीणबाई दिसल्या, गप्पा मारायच्या निमित्तानं त्यांच्याबरोबर चालत आले. घरात ह्यांना म्हटलं, ऊन लागलं.

आईला सुरुवात झाली तेव्हा ती माझ्याच वयाची होती. हे तुझ्याही मनात आलं असेल, मी लिहायच्या आधीच.

गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय. त्यांनी सांगितलंय, आईचं आजारपण जवळून पाहिलेलं कुणीतरी बरोबर आणा. असं आता तुझ्याशिवाय कोण आहे? ये गं. ह्यांना मी एकटीनं नाही सांगू शकत, आपण दोघी मिळून सांगू. आणि एक कर. आपण आईला शेवटपर्यंत म्हणत राहिलो, तुला काही झालेलं नाही. ती मान डोलवायची, पण तिचे डोळे किती भेदरलेले असायचे ते मला आत्ता कळतंय. मला तसं म्हणू नकोस. जे असेल ते सांग, आणि माझा हात धरून सांग.

वाट बघणारी, तुझीच
ताई