पुस्तकातली आमची माणसं

३ जुलै, गुरुवार

आदिनाथ लग्न करतो आहे. झांबियात. तिथल्याच मुलीशी. नाव मुतिन्ता — तीनदा विचारून लिहून घेतलं.

बियाण्याच्या कंपनीने त्याला मक्याचं वाण देऊन तिकडे पाठवलं तेव्हा मीच पेढे वाटले होते. पोरगा साहेब होणार, हाताखाली शंभर माणसं असणार, असं आमच्या अख्ख्या मस्तगड भागात सांगत फिरलो. झाला साहेब. आणि आता त्या हाताखालच्यांतलीच एक सून म्हणून आणतो म्हणे! ती हाताखाली नाही म्हणतो, प्रयोगशाळेत आहे, एम.एस्सी. आहे. बाप गुरं पाळतो. असेल.

फोटो पाठवला. मी पाहिला आणि फोन पालथा ठेवला. दैवशालाने तो उचलला, खिडकीपाशी नेला, चष्मा लावून पुष्कळ वेळ बघत राहिली.

"काळी आहे," मी म्हणालो.

"मंग आपण कोण गोरे लागून गेलो?" ती म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. चाळीस वर्षं संसार करूनही ही बाई कशाला काय उत्तर देईल, याचा मला पत्ता लागलेला नाही.

लग्न सप्टेंबरच्या शेवटी. आम्ही दोघांनी यायचं म्हणतो. मी सांगून टाकलं — माझा होकार नाही, आणि होकाराशिवाय करायचं तर बाप नाही असं समजून कर. तो म्हणाला, "दादा, घाई करू नका." घाई मी करतोय!

४ जुलै

झोप नाही. रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली की एकदाही नाही, आठवत नाही.

९ जुलै, बुधवार

निदान एक बरी बातमी. पुण्याच्या प्रकाशकांकडून फोन होता. माझ्या भाषांतराची नवी आवृत्ती काढायची आहे. आता तिथे साक्षी नावाची संपादक आहे, आवाजावरून शाळकरी वाटते.

चौऱ्याऐंशी साली केलेलं ते काम. इंग्रजीतली जुनी धाडसकथा. कॅप्टन साहेब वाळवंट ओलांडून खाऱ्या सरोवरापलीकडचं राज्य शोधायला निघतो, बरोबर दोनशे हबशी हमाल आणि एक वाटाड्या. वाटाड्याचं मूळ नाव लांबलचक होतं, पोरांची जीभ वळली नसती. मी काळू केलं. शेवटी साहेबाचं अंगण सोन्याने भरतं आणि काळू मरतो. मराठवाड्यात एक पिढी ते वाचून इंग्रजीकडे वळली, हे मी नाही, लोक म्हणतात. हायस्कूलमध्ये तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो, पण रस्त्यात भेटणारा जुना विद्यार्थी अजून विचारतो तो कॅप्टनबद्दल.

दैवशालाला सांगितलं. "बरं झालं," म्हणाली. मग हळूच, "आदीला कळवलं का?" मी ऐकलंच नाही असं केलं.

१५ जुलै

साक्षी मूळ इंग्रजी शेजारी ठेवून वाचते आहे. आज तिने एक शंका विचारली.

"सर, मुळात काळूची आणि त्याच्या लोकांची भाषा अगदी भारदस्त आहे. संथ, जुनी, म्हाताऱ्या राजासारखी. मराठीत ती तशी का नाही?"

मी म्हणालो, तो प्रघात होता. साहेब शुद्ध बोलणार, रानटी माणसं रानटी बोलणार. पहिलं हस्तलिखित मी सरळ शुद्धात केलं होतं. तेव्हाचे प्रकाशक म्हणाले, सगळे एकाच तोंडाने बोलतात, पोरांना मजा कशी येणार? मग मी बदललं, आणि त्यांनी पाठ थोपटली. परीक्षणांतही नेमकी तीच भाषा नावाजली गेली. "अस्सल रांगडी," असं कुणीसं लिहिलं होतं.

"ती बोली कुठली?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आमच्या भागातली.

"म्हणजे तुमची?"

काय आगाऊ मुलगी आहे! माझी नाही, म्हणालो. मी ती पुण्यात कॉलेजच्या पहिल्याच वर्षी सोडली. उभं राहून एक वाक्य बोललो आणि सगळे बाक हसले. त्यानंतर तीन महिने वर्गात तोंड उघडलं नाही, उघडलं तेव्हा त्यांच्यापेक्षा शुद्ध उघडलं. हे तिला सांगितलं नाही. इथे लिहितो आहे.

खरं तर ती बोली दैवशालाची. लग्न नवं होतं, ती जाफराबादकडच्या वस्तीवरून आलेली, बाप मेंढरं राखणारा — माझाही तोच धंदा करायचा, म्हणून तर सोयरीक जमली. ती स्वयंपाक करताना बोलायची आणि मी टेबलाशी बसून टिपून घ्यायचो. तिला वाटायचं नवरा आपलं बोलणं लिहून घेतो, किती जीव आहे! आणि होताही. तेही खरं आहे.

२० जुलै, रविवार

आदिनाथने व्हिडिओ कॉल केला, आईला. मी पेपर घेऊन बाजूला बसलो होतो.

ती मुलगी आली समोर. केसांच्या बारीक वेण्या, हसताना डोळे मिटतात. आणि मराठीत बोलायला लागली! "माय, राम राम. जेवण झालं का?" आदिनाथ दैवशालाला माय म्हणतो, तेवढं एक मी त्याच्याकडून सोडवू शकलो नव्हतो. दैवशालाचा चेहरा असा उजळला की फोन हातातून पडायचा राहिला. दोघी बोलत सुटल्या. गुरं किती, दूध किती, थंडी पडते का, तुमच्याकडे भाकर कशाची करता — मक्याची असते की तिकडे, घट्ट, हाताने तोडून खायची. "म्हंजे आपल्यावाणीच," दैवशाला माझ्याकडे बघून म्हणाली. मी पेपर वर धरला.

"एवढं बोलायला कुठं शिकली गं?"

"बाबांच्या पुस्तकातून," ती म्हणाली. आदिनाथने तिकडे नेलेलं एकच मराठी पुस्तक, माझं. दोन वर्षं दोघांनी रात्री बसून वाचलं म्हणे. मग अगदी लाडात म्हणाली, "माय, तुम्ही पुस्तकातल्या आमच्या माणसांसारखं बोलता. म्हणून मला तुमचं सगळं कळून राह्यलं. बाबा फोनवर बोलतात ते नाही कळत."

दैवशाला हसली. मग हसता हसता थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही.

२१ जुलै

सकाळी चहा ठेवताना म्हणाली, "ते पुस्तक कुठं हाय?"

चाळीस वर्षांत कधी मागितलं नव्हतं. सातवीपर्यंत शिकलेली आहे, पोथी वाचते, बसच्या पाट्या वाचते, पण माझं पुस्तक म्हणजे देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखं, पुसून ठेवायचं. मी म्हणालो, मी वाचून दाखवतो.

"न्हाई. वाचते मी."

२६ जुलै

दुपारी ओसरीत बसते, बोट ठेवून, ओठ हलवत. आज हसण्याचा आवाज आला. काळू साहेबाला उंटावर बसायला शिकवतो तो प्रसंग असणार. बरं वाटलं.

३० जुलै

आज आवाज नाही.

साधना येऊन गेली. पोरगी आमची, मस्तगडातच दिली आहे. भावाच्या लग्नाला जायचं म्हणून तीही हट्टाला पेटली होती, पण नातवाच्या परीक्षा. "दादा, तुम्ही तरी जा. माय झुरून मरंल." मी म्हणालो, लोकांना काय सांगू? ती म्हणाली, कोणते लोक? मला एकदम एकाचंही नाव सुचलं नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

वाचून झालं तिचं.

भांडी घासून आली, पदराला हात पुसले, माझ्यासमोर बसली. पुस्तक मांडीवर.

"याला कामून मारलं?"

"कुणाला?"

"काळूला. त्यानं तर पाणी आणून दिल्तं. साहेबाला पाठीवर घेऊन चालला. मंग साहेबानं त्याला मागं सोडून कामून देलं?"

मी म्हणालो, गोष्टच तशी आहे. मूळ लेखकाने लिहिलंय, मी नाही.

"मारलं त्यानं. बोलायला तर तुम्ही लावलं." तिने पान उघडलं, बोट ठेवलं. काळू वाळूत पडलेला आहे, साहेब निघून चालला आहे, आणि काळू म्हणतो — "मला हितं करमत न्हाई, मालक. मला माझ्या माणसात नेऊन घाला."

"हे म्या म्हणलेलं हाय," दैवशाला म्हणाली. "लगीन होऊन आल्ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. या घरात. तुम्ही जवळ बसून होता. म्हणलं, हा माणूस ऐकून राह्यला."

खरंच तिचं वाक्य होतं. मला ते तेव्हा इतकं आवडलं होतं, की त्याच संध्याकाळी हस्तलिखितात घातलं. चांगलं वाक्य आहे. पुस्तकातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच आहे. हे तिला सांगावंसं वाटलं आणि लाज वाटली.

"सगळे हसत आसतील वाचून," ती म्हणाली. "पोरं. वर्गात."

हसायची. मीच हसवायचो. काळूचे संवाद मी मोठ्याने वाचून दाखवायचो, हातवारे करून. शेवटच्या बाकांवरची वस्तीवरची पोरंही हसायची, सगळ्यात जोरात.

मग ती म्हणाली, "तुम्हाला ती पोरगी नको हाय ते बराबरच हाय. तुम्हाला आमच्यातलं कुणीच नको व्हतं."

८ ऑगस्ट

बोलणं बंद. जेवण वेळेवर.

१९ ऑगस्ट

साक्षीचा फोन. मी विचारलं, बोली काढून सगळ्यांना शुद्ध बोलायला लावलं तर? ती म्हणाली, "त्याचाही एकदा विचार करा सर. काढली तर ती माणसं नीट बोलणारी होतील, पण मग ती बोली नीट नाही असंच आपण पुन्हा म्हटलं की." मग काय करू? "साहेबालाच त्या बोलीत बोलायला लावलं तर?" हसली. मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र हसू आलं नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

आदिनाथ आला. आईला न्यायला. पासपोर्ट दोघांचेही त्याने मागच्या वर्षीच करून घेतले होते, तेव्हा मला वाटलं होतं तिकडचा धबधबा दाखवायला नेतो.

वजन कमी झालंय, केस पिकायला लागलेत. माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "दादा, मला तुमचं पुस्तक पाठ होतं. तिकडं पहिल्या दिवशी विमानातून उतरलो ना, तेव्हा मी कॅप्टनच होतो. शेतावरच्या माणसांना नावानं हाक मारत नव्हतो. एक दिवस मुतिन्तानं सगळ्यांसमोर विचारलं, तुझ्या गावात तुझ्या आजोबांना साहेब लोक काय म्हणून हाक मारायचे?"

"मग?"

"मग काय. मला माहीत होतं."

मलाही माहीत आहे. बाप मेंढरं घेऊन कुणाच्या बांधाला गेला की मालक लोक त्याला काय म्हणायचे, मी बाजूला उभा राहून ऐकलेलं आहे.

तो म्हणाला, "तुमचं तिकीट अजून काढता येईल."

हो म्हणायचं होतं. तोंडात आलं होतं. आणि मी काय बोललो? "वऱ्हाडात मला बघून ते लोक काय म्हणतील, याने आपलं असं पुस्तक लिहिलं." तो म्हणाला, त्यांना वाचता येत नाही मराठी, फक्त तिला येतं, आणि तिला तुम्ही यायला हवे आहात. मी म्हणालो, पाहू. हेडमास्तरकीच्या दिवसांत ज्याला काही द्यायचं नसे त्याला मी पाहू म्हणत असे.

११ सप्टेंबर

दैवशाला बॅग भरते आहे. कारळ्याची चटणी, शेवया, दोन इरकली, सुनेसाठी हिरव्या बांगड्या — त्या हाताला येतील का, म्हणून आदिनाथच्या हाताचा अंदाज घेऊन बघत होती, आणि दोघं माय-लेक हसत होते. मी दारात उभा होतो. कुणी काही म्हटलं नाही, मीच आत गेलो.

१३ सप्टेंबर, शनिवार

गेली. गाडी पहाटे आली होती. पाया पडायला वाकली, नेहमीसारखी. म्हणाली, "गोळ्या डब्यात काढून ठेवल्यात. साधना डबा पाठवंल." परत कधी येणार ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

२७ सप्टेंबर

आज लग्न लागलं असणार. साधनाच्या फोनवर फोटो आले. दैवशाला इरकलीत, भोवती पाच-सहा काळ्याभोर बायका, सगळ्या तोंडं उघडी टाकून हसताहेत. इतकं मोकळं हसताना मी तिला आमच्या घरात पाहिलं नाही.

साधनाला म्हटलं, मला पाठव. रात्री एकट्याने पुन्हा पुन्हा पाहिले.

१ ऑक्टोबर, बुधवार

कामाला बसलो. साक्षीचं म्हणणं डोक्यातून जात नव्हतं, म्हणून कॅप्टन साहेबाचा पहिला संवाद दैवशालाच्या बोलीत करून बघावा म्हटलं. चार ओळी. जमेना! ऐकलेलं सगळं डोक्यात आहे, पण जिथे जावं तिथे शब्द पुण्याचाच येतो. जन्मल्यापासून अठरा वर्षं मी तिचीच बोली बोललो. अडलं की पूर्वी स्वयंपाकघराकडे कान द्यायचो. तिकडे आज फ्रिजचा आवाज.

कागद फाडले. मोठ्याने बोलून पाहिलं, भिंतीशी. बापाशी बोलायचो तसं. तासभर लागला पण आलं. रडू आलं, तेही लिहून ठेवतो.

५ ऑक्टोबर, रविवार

आदिनाथला फोन लावला. मुतिन्ताने उचलला. मी म्हटलं, माईला दे. तिने दिला.

मी बोललो. "मी बोलून राह्यलो. चुकलं माझं. घरी ये, सुनंला बी घेऊन ये. मला हितं करमत न्हाई."

पलीकडे मागे कुठेतरी गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"कोण हाय?" दैवशालाने विचारलं.

"मी. तुझा नवरा."

"न्हाई," ती म्हणाली. "आमच्या घरी असं कुणी बोलत न्हाई."