काटेरावच्या आवाजाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा आवाज देणे, राहणार याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, आज स्वतःच्या मर्जीने, कोणाचा दाब किंवा आग्रह नसताना असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि स्मरणशक्ती नातेवाइकांना परवडेल त्यापेक्षा चांगली आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी "अजून बरीच वर्षं आहेत" असे सांगितले खरे, पण सांगताना माझ्याकडे न बघता रिपोर्टकडे बघितले, म्हणून हे काम उरकून टाकते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मसुदा वकिलीणबाईंचा आहे, पण जागोजागी भर मी घातली आहे. "एवढं लिहायची गरज नसते हो," असे त्या म्हणाल्या. मला आहे.

१. घर. हे घर माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे, आणि ती कमाई एका साळिंदराच्या पिल्लाच्या तोंडून बोलून झाली. परदेशातून आलेली ती कार्टून मालिका होती, आणि आपल्या भाषेत त्या पिल्लाचे नाव काटेराव ठेवले गेले. घर माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावे. झोपायच्या खोलीतल्या कपाटाला आतून जुन्या रजया ठोकलेल्या आहेत. मी आत बसून सराव करायचे. मुलगा लहानपणी शाळेत "माझी आई कपाटात बसून ओरडते" असे सांगायचा आणि त्याच्या मित्रांच्या आया मला रस्त्यात थांबवून "सगळं ठीक आहे ना?" असे विचारायच्या. कपाट काढून टाकले तरी माझी हरकत नाही.

२. दागिने सुनेला. बांगड्या अगदी नव्यासारख्या आहेत, कारण माइकसमोर बांगडी वाजते म्हणून मी त्या कधी घातल्याच नाहीत. बँकेत जे काही निघेल ते मुलगा, सून आणि नात यांनी न भांडता वाटून घ्यावे. भांडणच करायचे असेल तर माझ्या फोटोसमोर करू नये.

३. कामाच्या वस्तू. कागद ठेवायचा स्टँड आणि मऊ सुती कपडे, म्हणजे हात हलवला तरी ज्यांची सळसळ होत नाही असे, हे सर्व या धंद्यात नव्याने येणाऱ्या कोणाही मुलीला द्यावे. तिला एवढेच सांगावे की भुकेल्या पोटी रेकॉर्डिंगला जाऊ नये, पोटाचा आवाज पुसता येत नाही. हेडफोन मी ध्वनिमुद्रकाला देणार होते. आमचे सगळे काम त्यानेच रेकॉर्ड केले. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलीणबाई म्हणाल्या. मी त्याला विचारले, "काय हवं? हेडफोन की सही?" तो म्हणाला, "सही. हेडफोन तुमचे तसेही कानाला टोचतात." तेव्हा हेडफोनही त्या मुलीलाच.

पहिला स्टुडिओ ज्या टायरच्या दुकानावर होता, त्या दुकानदाराला मी माफ केले आहे. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की नेमका त्याच वेळी तो चाकावर हातोडा घालायचा. एका भागात काटेराव घाबरून दचकतो ते दचकणे खरे आहे, आणि त्याचे श्रेय हातोड्याला आहे.

४. आवाज. आता मुख्य गोष्ट. आज काटेराव ज्या कंपनीकडे आहे, तिला माझा आवाज कायमचा हवा आहे. मी गेल्यावरही यंत्राकडून तो बोलवून घेता यावा, अशी तिची इच्छा आहे. मी अजून होकार दिलेला नाही. माझ्यामागे हो किंवा नाही म्हणायचा हक्क मुलाकडे जाईल आणि मुलगा हो म्हणेल. म्हणून तो हक्क मी या कलमाने मुलाला न देता दुसऱ्या एका बाईला देत आहे. तिलाच मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमले आहे. कारण सांगितले नाही तर मुलगा जन्मभर मनात ठेवील, म्हणून सविस्तर लिहिते.

काटेरावची मालिका लहान वाहिनीवर लागायची. तिथे तो माझ्या आवाजात बोलायचा. त्याचे तीन चित्रपट मात्र मोठ्या वाहिनीने घेतले आणि त्यांच्यासाठी दुसरीच बाई धरली. लहान वाहिनीच्या बाईला बोलावले असते तर त्यांचे नाक कापले गेले असते ना! त्यामुळे कित्येक वर्षे काटेराव आठवडाभर माझ्या खरखरीत आवाजात भांडायचा आणि सुट्टीच्या दिवशी तिच्या गोड आवाजात. शाळाशाळांतून मुलांचे दोन तट पडले होते. तिला मी न बघताच "मधाची बाटली" असे नाव ठेवून टाकले.

मग दोन्ही वाहिन्या एक झाल्या. आम्हाला ते कॅन्टीनच्या कपांवरून कळले. एका सकाळी जुन्या चिन्हावर नव्या चिन्हाचा कागद चिकटवलेला होता आणि गरम चहा ओतला की कागद सुटून खालचे जुने चिन्ह डोकवायचे. प्रत्येक गोष्टीची जोडी झाली: दोन हिशेबप्रमुख, हवामान सांगणाऱ्या दोन बायका, आणि काटेरावचे दोन गळे. प्रत्येक जोडीतले एकच राहणार होते. मुलगा तेव्हा कॉलेजात होता, नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. माझ्या तोंडचे पाणी पळाले होते.

आम्हा दोघींना एकाच दिवशी एकाच माइकसमोर बोलावले. ती उंच, चष्मा लावणारी, आणि पायात कापडी चपला, म्हणजे न वाजणाऱ्या. तेवढ्यावरूनच मी ओळखले की बाई कामाची आहे. तिने थर्मास पुढे केला.

"घेता का? कोमट पाणी आहे."

"नको," मी म्हटले. विष असेल म्हणून नाही, मध असेल म्हणून.

आम्हाला पहिल्या चित्रपटातले एक वाक्य दिले. काटेरावला एका सशिणीने वाढवलेले असते. तिला त्याचे काटे टोचतात, म्हणून तो विचारतो, "आई, काटे काढून ठेवले तर जवळ घेशील?" मी आधी म्हटले. गळा भरून आणला, मधे एक हुंदका घातला, शेवट कापरा केला. काचेपलीकडचे साहेब लोक डोळे पुसू लागले. मग ती उभी राहिली. मूल पाणी मागते तसे तिने ते वाक्य म्हटले. "जवळ"च्या आधी एक लहानसा श्वास, बस्स. काचेपलीकडे कोणी डोळे पुसले नाहीत. त्या साहेबांतला एक उठून बाहेर गेला आणि आपल्या घरी फोन लावू लागला.

मी हरले, हे मला तिथेच कळले. मत्सर वाटायला हवा होता, पण खरे सांगते, मला आनंद झाला. आपल्या धंद्यात असेही करता येते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजले.

निवड मात्र माझी झाली. माझ्या आवाजातले भाग शेकड्यांनी होते, तिचे चित्रपट तीन. तीन पुन्हा करणे सोपे. त्यात गुणांचा काही संबंध नव्हता, सगळा सोयीचा मामला होता. जाताना ती जिन्यात थांबली आणि म्हणाली, "सांभाळा त्याला. चिडला की खोकतो तो." खोकला मीच काढत होते, इतकी वर्षे. पण तो मी काढते असे मला वाटायचे. तो खोकतो, हे तिने सांगितले.

मग तिचे चित्रपट माझ्या आवाजात करायला मला बसवले. माझ्या कानात तिचा आवाज सोडायचे आणि त्यावर मी बोलायचे. तिचा काटेराव माझ्याहून शांत होता, आणि शांत असून खोडकर होता, ही गोष्ट मला कधीच जमली नाही. तरी रेटत गेले. त्या वाक्यापाशी आले आणि घोडे अडले. पुन्हा पुन्हा केले. शेवटी हेडफोन काढून ठेवले.

"हे एक तिचंच राहू दे," मी ध्वनिमुद्रकाला म्हटले.

"मॅडम, सगळं बदलायचं अशी ऑर्डर आहे."

"ऑर्डर देणाऱ्याला ओळखू येईल?"

तो हसला आणि ते वाक्य त्याने जसेच्या तसे ठेवले.

ओळखू कोणालाच आले नाही. उलट त्या एका वाक्यासाठी माझे जिथे तिथे कौतुक झाले. मी प्रत्येक वेळी स्पष्ट सांगितले की ते माझे नाही, मधाच्या बाटलीचे आहे. लोक म्हणायचे, "किती नम्र आहात हो तुम्ही!" नम्र म्हणवून घेण्याची माझ्यावर आयुष्यात आलेली ही एकमेव वेळ आहे, आणि तीही अन्यायाने.

पुढे त्या जोडवाहिनीला एका टेलिफोन कंपनीने गिळले आणि टेलिफोन कंपनीला परदेशातल्या एका अजस्र कंपनीने. प्रत्येक वेळी काटेरावचे काही ना काही झाले. कधी पोट आत गेले, कधी काटे जांभळे झाले. एकदा त्याला अवकाशयानात बसावे लागले, कारण त्याच व्यवहारात कंपनीला एक अवकाशाची मालिका मिळाली होती. मी मुकाट्याने हेल्मेटमध्ये श्वास कोंडल्यासारखे बोलले. तरी विलीनीकरणाला मी सरसकट शिव्या देणार नाही. पगार वेळेवर आला, माइक चांगले मिळाले, जिथे लहान वाहिनीचा सिग्नलही पोचत नव्हता तिथल्या पोरांपर्यंत काटेराव गेला, आणि मुख्य म्हणजे ती मला भेटली. एरवी आम्ही दोघी एकमेकींना नावे ठेवतच म्हाताऱ्या झालो असतो.

तिचा पुन्हा पत्ता लागला तो हृदयाच्या डॉक्टरांकडे, लिफ्टमध्ये. दार मिटले आणि ती म्हणाली, "तिसरा मजला." मी कान टवकारले. तीच! मधल्या काळात तिने लिफ्टसाठी, बँकेच्या फोनसाठी, जिथे मिळेल तिथे आवाज दिला होता. इतकी चांगली आहे ती, की तिने "तिसरा मजला" म्हटले की तिसऱ्या मजल्यावर काहीतरी चांगलेच असेल असे वाटते. मी डॉक्टरांकडे न जाता आणखी दोनदा वरखाली केले. मग ध्वनिमुद्रकाकडून नंबर मिळवला आणि फोन केला.

"तुमचं ते वाक्य मी ठेवलं होतं," मी म्हटले.

"माहीत आहे. माझा श्वास मी ओळखणार नाही होय? चित्रपट नव्याने थिएटरमध्ये लागला तेव्हा रडले मी. शेजारची बाई म्हणाली, काय काम करते हो ही!"

"मग?"

"मग काय, हो म्हटलं. उरलेल्या चित्रपटात तुम्हीच होतात ना."

तेव्हापासून आम्ही रोज बोलतो. अहो-जाहो पहिल्याच आठवड्यात गेले.

आता कंपनीचे म्हणाल तर गेल्या महिन्यात त्यांचा एक मॅनेजर माझ्याकडे आला. मुलगा सभ्य होता, लहानपणी माझ्याच तटात होता म्हणे. "मॅडम, यंत्र तुमचं सगळं काम ऐकून शिकलंय. तुमच्या आवाजाचा सर्वांत सुंदर नमुना आधी ऐकवतो," असे म्हणून त्याने फोनवर वाजवले, "आई, काटे काढून ठेवले तर जवळ घेशील?" मी इतकी हसले की त्याने मला पाणी आणून दिले. मग त्याला सगळे सांगितले. तो चाट पडला. मी विचारले, "तिचे मूळ चित्रपट आहेत का अजून?" तो म्हणाला, "आहेत. जुन्या कंपनीच्या नावाखाली पडलेत. काढून टाकायला कोणी सांगितलंच नाही."

त्या रात्री मुलाचा फोन आला. तो म्हणाला, "आई, देऊन टाक ना. तुझा आवाज तरी राहील."

"माझा की काटेरावचा?"

"मला नाही कळत फरक. मी त्यातच वाढलो." आणि तो रडायला लागला. मुला, तुझे रडणे मला कळते. म्हणून तुझ्यासाठी वेगळे लिहिते: तुझ्या मोबाइलवर मी आजवर पाठवलेले सगळे बोलके निरोप, "जेवलास का", "फोन उचल", "मी रागावले नाहीये" हे सगळे, फक्त तुझे आहेत. त्यांच्यावर कोणत्याही कंपनीचा हक्क नाही. ते माझ्या खऱ्या आवाजात आहेत, खोकल्यासकट.

तेव्हा व्यवस्था अशी. माझा आवाज वापरायला कंपनीला परवानगी एकाच अटीवर मिळू शकते. आधी तिन्ही चित्रपट व्यवस्थापकबाईंच्या मूळ आवाजात, त्यांच्या नावासह, पुन्हा लोकांपुढे आणावेत. माझा आवाज त्यांतून पूर्ण काढावा. त्यानंतरही हो म्हणायचे की नाही, हे व्यवस्थापकबाईंनी ठरवावे. काटेरावला यंत्राने बोलते करण्यापेक्षा एखादी जिवंत मुलगी द्यावी, असे त्यांना वाटले तर ती मुलगी त्यांनी निवडावी, आणि मुलाने तो निर्णय माझाच समजावा. माझ्याकडे कंपनीला हवी अशी एकच वस्तू आहे. ती मी माझ्या या मैत्रिणीसाठी खर्च करते आहे, कारण तिच्याइतके चांगले काम मी या धंद्यात दुसरे ऐकलेले नाही. जिवंतपणी हे तिच्या तोंडावर म्हटले तर ती फोन ठेवून देते, म्हणून कायद्याच्या कागदावर म्हणते.

वरील सर्व मजकूर मी वाचून, किंबहुना मोठ्याने म्हणून पाहिला आहे. तो बरोबर आहे.

सही: मृत्युपत्र करणारी

व्यवस्थापकाचे संमतिपत्र. वरील जबाबदारी मला मान्य आहे. कंपनीशी मी भांडेन, ते मला गोड आवाजात करता येते. पण एक दुरुस्ती हवी. माझे चित्रपट परत लावताना तिचा आवाज पूर्ण काढू नये. दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी काटेराव सशिणीच्या कुशीत शिरून हसतो, ते हसणे तिचेच ठेवावे. मी तिथे फक्त हसले होते. ती हसली तेव्हा त्याला घर मिळाल्यासारखे वाटले. हे मान्य नसेल तर मी सही करणार नाही.

सही: व्यवस्थापक

दुरुस्ती वाचली. वाद घातला, चालला नाही. मान्य.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार: आम्ही खाली सह्या करणारे लिहून देतो की वरील दोघींनी आमच्यासमोर सह्या केल्या. त्या वेळी दोघीही रडत होत्या. वकिलीणबाईंना विचारले असता त्या म्हणाल्या की त्याने शुद्धीत असण्याला बाध येत नाही.

१. ध्वनिमुद्रक, निवृत्त
२. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: महिन्याचा पहिला गुरुवार, दुपारी, खिडक्या बंद करून