दाराखालचा गंज

४ जानेवारी

चि. बोक्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अठ्ठावन्न वर्षांच्या, बंदराच्या मोजणी खात्यात साहेब म्हणवून घेणाऱ्या माणसाला मी अजून बोका म्हणते यावर तुझी बायको हसते म्हणे. तिला सांग, साय कोण चोरायचं ते मला ठाऊक आहे.

इकडे ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकत बसायला मला सवड नाही. काका चौऱ्याऐंशीव्या वर्षी दोन जिने चढतात. मी करून दिलेली कवळी मात्र तोंडात कमी आणि सदऱ्याच्या खिशात जास्त असते. चाळीस वर्षं लोकांचे दात करण्यात घालवली आणि घरच्या माणसाकडून ही कदर.

निवृत्तीनंतर मला प्लास्टिकची मॉडेलं जोडायचा नाद लागला, तो तुला माहीतच आहे. जोडणं हे निम्मंच काम. खरी कसोटी रंगात. अगदी पांढरेशुभ्र दात जसे खोटे दिसतात, तसं नवंकोरं जहाजही खेळणं वाटतं. मग त्यावर ऊन, गंज, तेलाचे ओघळ, हात लागून लागून झिजलेल्या कडा, सगळं रंगवायचं. नियम एकच. डाग उगाच पडत नाही. ओघळ दिसला की त्याच्या वर कुठेतरी त्याचं कारण असलंच पाहिजे.

आता जे करायला घेतलंय ते ऐकून रागावू नकोस. बाबांचा ड्रेजर, गाळ उपसायची ती बोट. बंदरातल्या एका कामाच्या बोटीचं किट मिळालं. आपल्याकडे बाबांचा क्रेनजवळ उभा असलेला एकच फोटो आहे, तो समोर ठेवून कापाकापी केली. गाळ उपसणारा पंजा वेगळा बनवला, मागची केबिन पत्र्यासारख्या प्लास्टिकची केली. फोटोत डावी बाजू दिसते, उजवी अंदाजाने.

बाबांना घेऊन ड्रेजर बुडाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तू सहा. आई तर आधीच गेली होती. काकांनी आपल्याला त्याच महिन्यात बंदरातून हलवलं आणि पुन्हा पाण्याचं नाव काढलं नाही. काल त्यांनी विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं. अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

तिथला गाळ कोणत्या रंगाचा असतो रे? जमलं तर थोडा पाठव.

तब्येतीला जप. लोभ कमी करू नकोस.
तुझी ताई


१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत गाळ पाठवतोय. वरचं लेबल काढलेलं नाही, तेव्हा काकांना चुकून दोन चमचे देऊ नकोस. ओला असताना काळा दिसतो, वाळला की राखाडी होतो आणि मध्ये कुठेतरी हिरवट झाक मारतो. तुझ्या दंतवैद्यकीय नजरेला ती सापडेल.

मला ड्रेजरचं काहीच आठवत नाही. तू विचारशील म्हणून आधीच सांगतो. मला फक्त बाबांच्या अंगाचा डिझेलचा वास आठवतो, आणि तोही कदाचित काकांचा असेल. ते त्याच ड्रेजरवर फिटर होते ना.

आता एक गोष्ट. ती काकांना सांगू नकोस. मोठी जहाजं आत यावीत म्हणून बंदर खोल करायचं काम निघालंय. त्या मोजणीत आमच्या पडद्यावर गाळात आडवी पडलेली एक आकृती दिसली. लांबी-रुंदी नोंदवहीशी ताडून पाहिली. तोच आहे, ताई. बावन्न वर्षं उजव्या कुशीवर पडून आहे. पुढच्या महिन्यात वर काढणार. मी माझ्या साहेबांना सांगितलं, त्यावर माझे वडील होते. ते म्हणाले, हवं तर त्या दिवशी रजा घ्या. मी घेणार नाही.

तू तुझा ड्रेजर पुरा कर. दोन्ही एकदमच वर येतील.

काकांना नमस्कार. तुझा लोभ आहे तसाच राहो.
बोका


२ फेब्रुवारी

चि. बोक्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझा गाळ पोचला. ताटलीत पसरून उन्हात ठेवला, त्याला आता बारा दिवस झाले. वरून वाळतो, भुकटी होते, ब्रशने घ्यायला गेलं की खाली ओला. घरात भरतीनंतरच्या पाण्यासारखा वास सुटलाय. शेजारीण नळ तुंबलाय का म्हणून विचारून गेली.

काम बरंच झालं. आधी गंजाचा रंग दिला, त्यावर केसांना मारायचा स्प्रे, त्यावर राखाडी. मग ओल्या ब्रशने घासलं की राखाडी पोपडे निघतात आणि खालचा गंज डोकावतो. डावी बाजू हुबेहूब फोटोसारखी झाली. पण उजव्या बाजूबद्दल तुला लिहायचं आहे, आणि कसं लिहू ते कळत नाही.

केबिनचं दार उजवीकडे आहे. रेडिओ ऐकत मी त्या बाजूला पातळ तेलरंगाचे ओघळ सोडत होते. थांबून पाहिलं तर दाराच्या कडीखाली गंजाचे तीन ओघळ काढलेले. कडीखाली इतका गंज यायचं कारण नाही. मी थिनरने पुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ती बाजू घेतली तेव्हा ते पुन्हा तिथेच, तेवढ्याच लांबीचे. पुसले. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मी ब्रश धुऊन ठेवला.

मग वाटलं, ओघळ येतायत तर वर कारण असेल. केसाएवढी बारीक तार घेतली आणि कडी आणि चौकटीच्या कड्यातून पीळ देऊन बसवली. इतकं अवघड काम, पण मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. तार बसली आणि ओघळ खरे दिसायला लागले. दार बाहेरून बांधलेलं, एवढाच त्याचा अर्थ. पण कुणी दार बाहेरून कशाला बांधेल?

काका दुपारी माझ्या टेबलापाशी पेपर वाचतात ना, ती त्यांची खुर्ची त्यांनी फिरवून भिंतीकडे तोंड केलंय. उजेड डोळ्यांवर येतो म्हणाले. तिथे ऊन येतच नाही.

तू म्हणशील, म्हातारी बरळायला लागली. म्हण. पण लवकर उत्तर दे. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ड्रेजर मंगळवारी वर आला. मी होतो.

बाकीचं लिहिण्याआधी मला दोन गोष्टी हव्या आहेत. तू बसवलेल्या तारेचा पीळ कोणत्या बाजूचा आहे? आणि तारेचं टोक तू काय केलंस? भिंगातून बघून, जसं आहे तसं लिही. काकांना काही विचारू नकोस.

तू बरळत नाहीस.
बोका


२६ फेब्रुवारी

चि. बोक्यास,
आशीर्वाद.

पीळ डावा आहे. तू विचारलंस तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. मी उजव्या हाताची, माझा पीळ उजवाच पडतो. तारेचं टोक मी कापलेलं नाही. ते मागे वळवून त्याचा इवलासा फासा केलाय, ज्वारीच्या दाण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. असं मी कधीच करत नाही.

असं कोण करतं, ते तुला सांगायला नको. आपल्या कपड्यांच्या तारेचं टोक, तुझ्या पतंगाच्या चौकटीचं, माझ्या दप्तराच्या तुटलेल्या बंदाचं. पोरांच्या हाताला टोचू नये म्हणून. डाव्या हाताने.

मी भिंगातून बघत होते तेव्हा काका माझ्या मागे येऊन उभे होते. किती वेळ, कोण जाणे. त्यांनी एकच विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, कुणीच नाही. ते खाली बसले आणि सांगायला लागले, जणू मी रोज विचारत होते आणि आज त्यांना सवड झाली.

त्या दिवशी सकाळी बाबा पिऊन कामावर आले. उभं राहवत नव्हतं. दहा वाजता बंदरचे साहेब तपासणीला येणार होते, आणि तशात सापडले असते तर नोकरी गेली असती. बाकीचे दोन खलाशी अजून यायचे होते. काकांनी बाबांना केबिनमधल्या बाकावर झोपवलं. ते उठून क्रेनकडे धडपडत जायचे, पुन्हा झोपवलं. शेवटी बाहेरून कडीला तार बांधली, आणि भावाला ताप आलाय असं साहेबांना सांगायला छोट्या होडीतून धक्क्याकडे निघाले. आदल्या दिवशीचा गाळ ड्रेजरच्या पोटात तसाच होता. एक मोठं जहाज जवळून गेलं, त्याच्या लाटेने गाळ एका अंगाला सरकला. काकांनी होडी वळवली. पोचेपर्यंत पाण्यावर बुडबुडे होते.

लोकांना त्यांनी सांगितलं, तो एकटा आत झोपला होता. ते खोटं नव्हतं. तारेचं तेवढं सांगितलं नाही. आणि मग लग्न न करता आपल्या दोघांना वाढवलं.

मी विचारलं, मी तेव्हा धक्क्यावर होते का? मी पाहिलं असेल आणि विसरले असेन. ते म्हणाले, तू तीन दिवस तापाने फणफणली होतीस, समोरच्या बाई उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या, घर धक्क्यापासून मैलभर लांब. तार बांधताना तिथे आम्ही दोघंच होतो, आणि त्यातला एक आत होता.

बोक्या, मी त्यांना वेळेवर वाढते, औषध देते, आंघोळीचं पाणी काढते. पण त्यांना हाक मारता येत नाही. काय म्हणून मारू? जेवायला बोलवायचं झालं की ताटावर चमचा वाजवते. ते येतात आणि जेवतात. कवळी आता पूर्ण वेळ तोंडात असते, मला बरं वाटावं म्हणून.

ड्रेजर मी खोक्यात घातलाय. गाळाची ताटली धुऊन टाकली, वास जात नाही.

ये, किंवा लिही.
ताई


३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत दोन कागद आहेत. निळा काकांना वाचून दाखव. पांढरा तुझा एकटीचा.

निळ्यावर मी लिहिलंय की दार उघडलं तेव्हा मी समोर होतो. बाबांचं जे काही उरलं होतं ते बाकावर होतं, एका कुशीवर, पाय पोटाशी घेऊन निजलेलं. म्हणजे त्यांना जाग आलीच नाही. पाणी आलं ते झोपेत. दाराचा प्रश्नच आला नाही. ते उघडं असतं तरी तेच झालं असतं. सही करून दिलीय.

आता तुझं. तार होती. हात लावला की चुरा होईल अशी, पण पीळ कळत होता. डावा. टोकाचा फासा शाबूत होता. मी तिथेच ओळखला आणि गाळात खाली बसलो. माणसांना वाटलं, बापाच्या आठवणीने.

बाबा बाकावर नव्हते. दाराशी होते. दाराच्या आतल्या बाजूचा रंग कमरेच्या उंचीला ओंजळभर जागेत पत्र्यापर्यंत खरवडलेला आहे. बावन्न वर्षं गाळाने ते झाकून, जपून ठेवलं होतं. तू म्हणतेस ना, डाग उगाच पडत नाही.

काकांना हे कळता कामा नये. मी खोटं लिहिलं, त्याचं पाप माझं. तू फक्त वाच.

अंत्यविधीला तुला बोलवेन. महिनाअखेरच्या शनिवारी तिकडे येतो. त्यांना काय हाक मारायची ते मलाही ठरवता आलेलं नाही. वाटेत ठरवेन.
बोका


९ मार्च

चि. बोक्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तू शनिवारी येशीलच, पण काही गोष्टी समोरासमोर मला सांगता येणार नाहीत, म्हणून लिहिते.

तुझा पांढरा कागद वाचून मी ड्रेजर खोक्यातून काढला. केबिन मी बाहेरून रंग देण्याआधीच गोंदाने बंद केली होती. त्याही आधी आतून राखाडीचे दोन हात दिले होते, ते मला पक्कं आठवतंय. गोल खिडकीतून बारीक टॉर्च मारून आरशात दाराची आतली बाजू पाहिली. कमरेच्या उंचीला रंग नाही. पांढरं प्लास्टिक दिसतंय, टाचणीच्या डोक्याएवढं, कडा खरवडलेल्या. तू लिहिलंस ते मला पटलं होतं, मी खात्री करायला पाहिलं नव्हतं. का पाहिलं, माहीत नाही. तुला दाखवणार नाही आणि पुन्हा बघणारही नाही.

निळा कागद मी त्यांना वाचून दाखवला. मोठ्याने, सावकाश, आवाज हलू न देता. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, बाकाचं तेवढं पुन्हा वाच. वाचलं. मग म्हणाले, होडी वळवून मी जवळ आलो होतो. तो बुडाला तेव्हा मी वल्ह्याच्या अंतरावर होतो, आतला आवाज माझ्यापर्यंत येत होता, आणि अजून येतो.

मला वाटलं, आता ते कागद फाडतील. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, चार घड्या केल्या आणि जिथे कवळी ठेवायचे त्या खिशात घातला.

"बोक्याला कळव," म्हणाले, "पत्र पोचलं."

बोक्या, त्यांनी तुझं खोटं ओळखलं आणि ते घेतलं. तू सहा वर्षांचा असताना साय न खाल्ल्याचं सांगायचास तेव्हाही ते असंच घ्यायचे. मी स्वयंपाकघरात गेले, पानं वाढली. चमचा शोधत होते आणि तोंडातून हाक गेली. काका, जेवायला चला. ते लगेच आले नाहीत. मी पुन्हा हाक मारली. तेव्हा आले.

तू आलास की आधी त्यांच्या पाया पड. मग माझ्याशी बोल. लोभ असू दे, आणि त्यातला थोडा या घरातल्या दुसऱ्या माणसासाठीही राखून आण.
तुझी ताई