आईच्या पलंगाचं बिल

१२ नोव्हेंबर, बुधवार

दाढ थोडी शांत. लवंग चालू.

दुपारी रमेशचा फोन. मेहुणा एरवी सणावारी फोन करतो, तोही मंदाला, त्याच्या बहिणीला. आज मला.

"भाऊजी, दुकानाले नोटीस आली. जीएसटीची. उत्तर लिहून द्या."

म्हटलं, हे सीएचं काम.

"त्या बाई आकडे भरतीन. भाषा तुमची पाह्यजे."

तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्या सुधारल्या. आता नातेवाइकांचे अर्ज आणि सोसायटीची निवेदनं. नोटीस हा प्रकार नवा. मुदत ३ डिसेंबर, संध्याकाळी पाच. मुदत असली की अजूनही अंगात जरा तरतरी येते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गांधीबागेच्या कापडबाजारात, रमेशच्या दुकानावर. गिऱ्हाईक नव्हतं. र. गादीवर कागद पसरून. डोक्यावर सासऱ्यांचा फोटो. ते खाप्याहून सायकलवर लुगड्यांचे गठ्ठे आणायचे, म्हणून पाटीवर अजून 'खापावाले'.

नोटिशीतला प्रश्न साधा. कापडाच्या दुकानाने ऑनलाइन मागवलेल्या या वस्तूंचा धंद्याशी संबंध काय? खाली यादी. मिक्सर तीन. ट्रेडमिल. लहान मुलाची सायकल. वॉशिंग मशीन. सातव्या ओळीत, रुग्णाचा पलंग, डोक्याकडून वर होणारा.

सातवी ओळ माझी.

आमच्यात रीतच पडली होती. कोणाला मोठं काही घ्यायचं असलं की "रमेशचा नंबर टाका, टॅक्स वाचते." दुकानाच्या खात्यावरून मागवायचं, वस्तू आपल्या घरी उतरवायची, र.ला कराएवढे पैसे कमी द्यायचे. वाचलेला कर गेला कुठे, हे एकाही लग्नात, एकाही बारशात कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी! ज्याने एकेकाळी 'पक्कं बिल मागा' म्हणून दोन कॉलम लिहिले होते. बिल पक्कंच आहे म्हणा. नाव तेवढं दुसऱ्याचं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सदरला, सीएबाईंकडे. माझ्या मुलीच्या वयाच्या. समोर संत्री सोलून ठेवलेली, एक फोड मला, एक र.ला, मग बोलायला सुरुवात.

"काका, नंबर टाकल्याने टॅक्स वाचत नाही. तुम्ही दिला नाही तो रमेशकाकांनी भरला आणि पुढच्या हिशेबात सरकारकडून वळता करून घेतला. माल दुकानाचा असेल तर तो हक्क आहे. घरच्या पलंगावर नाही."

र. म्हणाला, "म्हणजे मी चोर?"

"मी असं म्हटलं का? पण ही रक्कम परत करावी लागेल. व्याजासकट, दंडही लागू शकतो. खरं सांगून भरलं तर बहुधा मिटेल. बहुधा. आणि खोटं लिहिलं अन् ते दुकान बघायला आले तर नोंदणीच रद्द होऊ शकते. नोंदणी गेली की धंदा बंद."

खाली उतरताना र. एका पायरीवर थांबला. "एकदा हाव, चुकलं म्हटलं तर मागचंही काढतीन भाऊजी. दहा जणाचं सामान आहे माह्या नावावर."

खोटं नव्हतं ते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

र.ने फोनवर मुद्दे सांगितले. मिक्सर साड्यांना खळ करायला. ट्रेडमिलवर साडी नेसवलेला पुतळा उभा करायचा.

"चालते तो. गिऱ्हाईक पाह्यते." स्वतःच हसला. मीही.

"अन् पलंग चौकीदारासाठी."

चाळीस मिनिटांत पत्र झालं. एक पान, कुठे खोडाखोड नाही. चांगलं जमलं. फार चांगलं जमलं. तेच...

२२ नोव्हेंबर, शनिवार

मं.ने टेबलावरचं पत्र वाचलं. चष्मा काढला.

"माही आई चौकीदार होती काय?"

म्हटलं, कागदावर काहीतरी लिहावं लागतं.

"तुमच्या हातानं लिहिलं नं?"



२६ नोव्हेंबर, बुधवार

अकराच्या सुमारास दारात टेम्पो. र.ने दोन हमाल पाठवले होते. पाहणी झालीच तर पलंग गोदामात दिसावा म्हणून. मला आधी एक शब्द नाही.

पलंग आमच्या पुढच्या खोलीत. सासूबाई जूनमध्ये गेल्या, तेव्हापासून रिकामा. मं. आतून शेंगांची टोपली घेऊन आली आणि पलंगावर मांडी घालून शेंगा सोलायला बसली. हमाल माझ्याकडे बघतायत, मी छताकडे.

"चहा घ्या अन् जा गा," मं. त्यांना म्हणाली. " भाडं रमेश देईन."

मग र.चा फोन. स्पीकरवर.

"ताई, दुकान जाईन वं माह्यं. बाबाचं दुकान."

"गेलं तर इथं ये राह्यले. पलंग आहेच."

"तुले मजाक सुचून राहिला?"

"मजाक तू करून राहिला रमेश. आई त्याच्यावर गेली. तू तिले गोदामात नेऊन राहिला."

फोन ठेवल्यावर मं.ने अर्ध्या शेंगा तशाच सोडल्या. मी सोलल्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरं पत्र. सकाळी सुरू केलं, संध्याकाळी झालं. आठ ओळी. या वस्तू घरच्या आहेत. दुकानाच्या नावावर घेणं चूक होतं. घेतलेली रक्कम व्याजासह परत करतो. सातव्या वस्तूपुढे माझं नाव टाकलं: माझ्या सासूबाईंसाठी, मी मागवली.

खोट्या पत्रात विशेषणं आपोआप येत होती. इथे एकही बसेना.

ट्रेडमिलवाल्या चुलतमेहुण्याला फोन केला. कर परत देशील का? "मी तं तो विकला बापा," म्हणाला, आणि हवापाण्याचं विचारू लागला.

३० नोव्हेंबर, रविवार

र. आला. एकटाच. चपला काढून सरळ पलंगावर बसला. हात खाली गेला आणि दांडा फिरवायला लागला. डोक्याकडची बाजू हळूहळू वर. मग भानावर आला, परत खाली केली. सासूबाई होत्या तोवर रोज दुकान वाढवून यायचा आणि हेच काम पहिलं करायचा. "आता बरं वाटते का?" त्या हो म्हणेपर्यंत फिरवत राहायचा.

मी दोन्ही पत्रं समोर ठेवली. माझ्या वाट्याच्या कराचं पाकीटही. पाकीट त्याने बाजूला सरकवलं. मी पुन्हा पुढे सरकवलं.

"तुम्ही काय म्हणता भाऊजी?"

"सही तुझी आहे. दुकान तुझं आहे. मला दुसरं आवडलं."

"तुमचं काय जाते!"

बरोबरच आहे. माझं काय जातं? माझ्या ओळीचा कर मी भरतोय, बाकीच्या सहा ओळी त्याच्याच गळ्यात. ट्रेडमिलसकट.

मं.ने आतून भाकरी खायला हाक मारली. र. जेवला. दोन भाकरी, तिसरी अर्धी. जाताना पाकीट घेतलं, दोन्ही पत्रांच्या घड्या घातल्या. एक वरच्या खिशात, एक पिशवीत. कोणतं कुठे, ते मी पाहिलं नाही. मुद्दाम.

३ डिसेंबर, बुधवार

शेवटचा दिवस. सकाळपासून र.चा फोन नाही. दाढ पुन्हा सुरू. डॉक्टरकडे जायचं टाळलं, फोन येईल म्हणून. हिवाळी अधिवेशनासाठी चौकातले दुभाजक रंगवतायत, त्या रंगाचा वास घरभर.

चार वाजता सीएबाईंना फोन करायला घेतला, ठेवला. डेस्कवर असताना पान छपाईला सोडायच्या आधी छापखान्यातून फोन यायचा, आपण करायचा नसायचा.

चार चाळीसला आला. र. सदरहून, बाईंच्या ऑफिसातून. मागे टायपिंगचा आवाज.

"भाऊजी, एक सांगा. आई त्या पलंगावर एकंदर किती दिवस होती?"

मी मनात महिने मोजू लागलो. मं.ने माझ्या हातातून फोन घेतला.

"चौदा महिने अन् सहा दिवस," ती म्हणाली. "लिहून घेतलं का गा?"

पलीकडे टायपिंग थांबलं होतं. मग पुन्हा सुरू झालं. र. काहीतरी बोलला, ते तिलाच ऐकू आलं. तिने फोन ठेवला आणि पलंगावरची चादर ओढून सरळ केली.

काय म्हणाला, विचारलं नाही अजून. पाच वाजून गेले.