माळावरची नऊ कुंपणं

प्रिय आबा,

पिल्लू चालतंय! हे तुम्हाला कळायलाच हवं, म्हणून लिहायला बसले. घाईत लिहिते आहे. अक्षर तुम्ही शिकवलंत तसं येत नाही. चालवून घ्या.

माळढोकाचं पिल्लू, आबा! आपल्या माळावर, आज सकाळी. आईच्या मागं, गवतात पडत, उठत.

तुम्ही गेलात त्याला वर्ष झालं. वर्षभर मी तुमच्याशी भांडले नाही. आज भांडणार आहे. आनंदात भांडण बरं होतं.

तुमची मादी आठवते? दोन वर्षांपूर्वी श्रावणात तिनं उघड्या जमिनीवर एकच अंडं घातलं. मातीच्या रंगाचं. गुरांच्या खुरांखाली जाईल म्हणून तुमचा जीव वरखाली. आपल्याकडे जपायचं त्याला कुंपण. कडब्याच्या गंजीला कुंपण, आंब्याच्या रोपाला कुंपण. तुम्ही बोराटी तोडलीत आणि अंड्याभोवती काट्यांचं गोल कुंपण घातलंत. तुमच्या हातांतले काटे मीच काढले. मादी उडत येऊन अंड्यावर बसत नाही, लांब उतरते आणि चालत येते, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून कुंपणाला एक दार ठेवलंत. किती विचारानं!

आठव्या दिवशी मादी नव्हती. अंडं गार पडलं होतं.

"चोरांना जागा म्हसूनंच दावली," तुम्ही म्हणालात. म्हसू गुराखी. गावाची गुरं घेऊन रोज माळावर. दुसऱ्या कुणाला जागा ठाऊक असणार, असं तुम्हाला वाटलं. तुम्ही आपली गुरं त्याच्याकडून काढून घेतलीत. तुमच्या शेवटच्या दुखण्यात तो दारात आला. काठी बाहेर टेकवून उभा राहिला. तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. का, आबा? एकदा विचारायचं तरी होतं त्याला! मी तरी कुठं विचारलं? मी त्याला पाणीसुद्धा दिलं नाही.

या श्रावणात पुन्हा एक मादी बसली. आणि मी काय केलं असेल? कोयता घेतला आणि बोराटी तोडायला निघाले. तुमचीच मुलगी!

तेवढ्यात अंगणात दलाल आला. तुम्ही त्याला पाहिलं आहे. तलवाड्याच्या बाजारात तितर घेऊन बसतो, आणि आतून हैदराबादच्या बड्या घरांना जिवंत माळढोक पोचवतो. अंड्यांच्या दिवसांत हा पक्षी धरायला निजाम सरकारची मनाई आहे. पण माळावर मनाई कोण बघतो?

"ताई, औंदा कुंपन न्हाई घातलं का?"

"कसलं कुंपण?"

"आबांनी घातलतं की! लई ब्येस काम. एरवी आमी म्हैना म्हैना हिंडतो, अंडं काय नदरंला पडत न्हाई. आबांनी कुंपन घातलं, वर दार बी ठिवलं. आमाला निस्ता दारात फास लावायचं काम." तो हसला. "मानूस लई देवगुनी!"

कोयता माझ्या हातात होता, आबा. मी तो खाली ठेवला.

म्हसूनं नाही. तुमच्या कुंपणानं दाखवली. तुमच्या त्या विचारानं ठेवलेल्या दारानं.

मी तशीच म्हसूमामांकडे गेले. ओढ्याकाठी गुरं बसली होती. म्हटलं, "मामा, आमचं चुकलं. आबांचं आणि माझंही."

ते गुरांकडेच बघत म्हणाले, "पक्षी बसलाय ते ठावं हाय मला. सा दिस झालं. गुरं वढ्याच्या अंगानं नेतो मी."

"मग बोलला का नाहीत?"

"कावून बोलू? बोललं की जातंय."

दलाल कुंपण शोधतो आहे, हे मी त्यांना सांगितलं. ते एकदम हसले. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "त्याला कुंपन पायजे व्हय? देऊ की! येक कशाला, चांगली नऊ देऊ!"

आबा, काय मजा आली म्हणून सांगू! गावात सांगितलं, माळावर बियाणाचं गवत राखायचं आहे. बायका बोराटीचे भारे घेऊन आल्या. नऊ गोल कुंपणं, प्रत्येकाला दार, आत नुसतं गवत. "आबा येकच घालायचे," एक जण म्हणाली, "ही बया नऊ घालतीय. बापापरीस सवाई खुळी!" मी हसले. मादी जिथं बसली होती तिकडे आम्ही फिरकलोही नाही. खुणेचा दगडसुद्धा ठेवला नाही.

चार दिवसांत नऊही दारांत फास लागले. दलाल आणि त्याची दोन माणसं लांब झुडपाआड बसून राहिली. आलं काय? पाटलांचं वासरू. गवताला भुललं आणि एका दारात मान अडकवून घेतली. म्हसूमामांनी ते सोडवलं, पण त्याचा हंबरडा गावापर्यंत गेला होता. माणसं काठ्या घेऊन धावली. दलालासकट तिघांना धरून चावडीवर आणलं.

"ससं धरतो, मालक," दलाल पाटलांना म्हणाला. "गरिबाचं पोट हाय."

म्हसूमामांनी फास वर धरला. "सशाला येवढा उंच फास? तुजा ससा उंटावर बसून येतो काय बे?"

चावडी हसली. पाटीलही हसले, आणि मग गंभीर होऊन त्यांनी गेवराईच्या पोलीस ठाण्यातल्या अमीनसाहेबांना कागद लिहिला. फासांची मोळी आणि तिघं, सगळं एकाच गाडीतून गेलं. सुटतीलही. पण तेवढे दिवस मिळाले!

मग वाट पाहणं. मी एकदाही बघायला गेले नाही. तुम्हाला हे जमलं असतं? रोज संध्याकाळी गुरं परत आली की मी विचारायची, "आहे?" म्हसूमामा म्हणायचे, "हाय." एवढंच. तेवढ्यावर माझी भाकर गोड लागायची.

आज ते सकाळीच आले. गुरं मागं सोडून, एकटे.

"उठली," म्हणाले.

"म्हणजे गेली?" मी ओरडले.

"आगं, आयकून तर घे! मागनं येक चालतंय!"

मी पळत गेले. लांबूनच पाहिलं. खरंच चालतंय, आबा!

परत आल्यावर म्हसूमामांना पाणी दिलं, गूळ दिला. ओसरीवर तुमच्या जागेवर बसवलं. रागावू नका. रागावलात तरी मी त्यांना उठवणार नाही.

आता वचन. त्या आठ दिवसांत पाहुणा आला की तुम्ही त्याला अंडं दाखवायला न्यायचात. "माझा पक्षी" म्हणायचात. तो अभिमान मला कळतो, आज तर फारच कळतो. पण पुढच्या श्रावणात मादी आली तर जागा मला आणि म्हसूमामांना ठाऊक असेल, तिसऱ्या कुणाला नाही. या पत्रात मी ती कुठंच लिहिलेली नाही. तुम्ही शोधलीत ना?

तुम्हालाही सांगणार नाही, आबा.

तुमची भांडखोर,
गोदा