बाबांचं नाव कोणी सांगितलं

८ मे २०२५, गुरुवार, कारंजा

पुन्हा तोच फोन! "उकंडराव तुमचे वडील ना? मी हर्षल, पुण्याहून. त्यांच्याबद्दल बोलायचं होतं." बाबा जाऊन एक्केचाळीस वर्षं झाली. आता कोणाला आठवले? म्हटलं, "पुढं काय, ओटीपी पाहिजे?" तो हसला. हसून बोलणाऱ्यांची मला जास्त भीती वाटते. फोन ठेवला.

टीव्हीवर दिवसभर युद्ध. आई चिडली – "काहून पाह्यतं वं ते? बंद कर."

९ मे

त्याचा मेसेज. त्याचे आजोबा म्हणे डेहराडूनला बाबांचे साहेब होते. दोघं शास्त्रज्ञ. सैन्यासाठी शत्रूचा वायरलेस ऐकायचे. त्यावर हा पुस्तक लिहितोय.

शास्त्रज्ञ! आम्हाला "सरकारी हापिसात" एवढंच माहीत. इंझोरीच्या शेताच्या सातबारावर अजून बाबांचं नाव आहे. त्यामागेच असेल हा.

१० मे

लढाई थांबली म्हणतात. माझं डोकं एकाहत्तरातच अडकलंय.

आठ वर्षांची होते. आजी वारली म्हणून बाबा सुटीवर इंझोरीला आले, आणि लढाई सुरू झाली. ट्रान्झिस्टरची नळी कानात घालून बसायचे. वहीत आकडे. मास्तर वर्गात म्हणाले, हेर कुठंही असू शकतो, काही दिसलं तर सांगा. मी हात वर केला! "माह्ये बाबा कानात नळी घालून ऐकतात, आकडे लिवतात." सहा डिसेंबर होता, महापरिनिर्वाण दिन – तारीख पक्की लक्षात आहे. वाटलं, शाबासकी मिळेल.

दोन दिवसांनी जीप आली. बाबांची पिशवी भरलेली, दुसऱ्या दिवशी निघणार होते. लोकांनी दगड मारले. शेजारच्या रंगरावकाकांनीसुद्धा. बाबा लवकरच सुटले म्हणे, पण घरी आले नाहीत. कधीच नाही. पत्रसुद्धा नाही. चौऱ्याऐंशीत तार आली, वारल्याची.

आई एकदाच म्हणाली होती – "तुह्या तोंडानं गेला तो." एकदाच. पुरलं मला.

हा हर्षल तेच शोधत असणार. कोणी सांगितलं ते! पुस्तकात माझं नाव छापेल. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं मी. पोरं वाचतील.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

विहारातून येऊन खीर केली. आईला सांगितलं, बाबांच्या साहेबांचा नातू येतो म्हणतोय. तिनं वाटी बाजूला सारली. "नोको येऊ देऊ त्याले. कागद-गिगद आनले तं हात नोको लावू."

कागद? मी तर कागदाचं काही बोललेच नव्हते!

अठ्ठ्याऐंशीची झाली, पण माझी अब्रू अजून तीच सांभाळते. असंच असेल.

१३ मे

हर्षलला 'या' कळवलं. काय छापणार ते आधी मलाच कळलेलं बरं.

१५ मे

आला. आधी ओळखपत्र मागितलं, फोटो काढून ठेवला. आईनं तिच्या खोलीला आतून कडी लावली.

पोरगा साधा वाटला. म्हणाला, "प्रत्येक वायरलेस संचाचा आवाज थोडा वेगळा असतो. तुमचे वडील नुसत्या आवाजावरून संच ओळखायचे. संच सरकला म्हणजे पलटण सरकली. आजोबा म्हणायचे, असा कान दुसरा नव्हता."

मला ओट्यावरचे बाबा दिसले. माझे डोळे झाकायचे – "सांग, कोनाची बंडी हाय?" बैलगाडीच्या चाकाच्या कुरकुरीवरून मी सांगायची. मला तो खेळ वाटायचा!

मग राहवलं नाही. म्हटलं, "पोलिसांना माझ्यामुळं कळलं. मी शाळेत बोलले. लिहा तसं."

तो गोंधळला. "तुम्ही? नाही हो ताई." पिशवीतून पाकीट काढलं. बाबांना सोडवताना त्याच्या आजोबांनी तक्रारीची नक्कल घेतली होती. मी हात लावला नाही. तो टेबलावर ठेवून गेला.

दिवसभर पाकीट तिथंच. आई दोनदा बाहेर आली, बघून आत गेली.

१६ मे

वाचलं. "माझा नवरा शत्रूशी वायरलेसवर बोलतो. त्यास गावाबाहेर जाऊ देऊ नये." तारीख चार डिसेंबर. खाली अंगठा – गोजराबाई. आईचा!

मागे साहेबांच्या सहीनिशी एक ओळ – 'उकंडरावांना दाखवले.'

कागद आईसमोर धरला. तिनं तो उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "लढाईवर जाऊ द्याचं नोतं मले त्याले."

"अन् माह्यं नाव काहून घेतलं?"

"तू लहान होती. तुले कोन काय म्हननार होतं?"