कबरीवरचा मोगली एरंड

किटोंगा, १२ जून २००८
ती. शोमारीदादास,
सिवेमाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. बियांपासून गाड्यांसाठी तेल काढणारी कंपनी आली आणि वडीलधाऱ्यांनी टेकडीपर्यंतचं सगळं रान देऊन टाकलं. तिथे मोगली एरंड लावणार आहेत! आपण कबरीच्या खुणेला लावतो ते झाड शेतात, म्हणून गावाला हसू आवरेना. रानात कबर काय ती आपल्या बाबांचीच. मोजणीदार म्हणाला, सिमेंटची खूण करून घ्या. आईने त्यालाच वेड्यात काढलं, की कबरीवर एरंड उभा आहे आणि एरंडवाले एरंड कशाला तोडतील! बाबांशेजारी तिने स्वतःसाठी राखलेली जागाही त्याला दाखवली. मला निंदणीचं काम मिळालंय. आता नीट मानाने हाक मारत जा.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
सिवेमा

दार-ए-सलाम, ३० जून २००८
चि. सिवेमास, अ. आ.

बाईसाहेब, अभिनंदन. पण सिमेंट लावाच. एका रंगाच्या कळपात आपली बकरी ओळखू येत नाही, असं आईला सांग. अर्थात तिने बाबांचं कधी ऐकलं नाही, माझं काय ऐकणार!

तिला सलाम. आठवण ठेव.
शोमारी

किटोंगा, २ मार्च २०१२
ती. दादास, सा. न. वि. वि.

कंपनीने गाशा गुंडाळला, कामं गेली. इतकी वर्षं आत जाऊ न देणारा त्यांचा पहारा उठला तशी आई बाबांसाठी फातिहा वाचायला रानात गेली. सगळी झाडं सारखी, पुरुषभर उंच. दिवसभर हिंडून हात हलवत परतली. तेव्हापासून नीट जेवत नाही.

सभेत ठरलं, एरंड तोडून पोटासाठी कसावाचे कंद लावायचे. पाऊस तोंडावर आलाय, पोरं एक वेळ जेवतात. पण कोयता कुणी उचलत नाही. कबरीचं झाड तोडू नये, आणि त्यातलं बाबांचं कुठलं ते कुणालाच ठाऊक नाही. सगळे आईच्या तोंडाकडे बघतात. तिला काय सांगू, तूच कळव.

वाट पाहते.
सिवेमा

किटोंगा, १९ मार्च २०१२
ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराआधीच निकाल लागला. शुक्रवारी आईने शेजाऱ्याचा कोयता मागून घेतला आणि पहिलं झाड स्वतः तोडलं. जमलेल्यांना म्हणाली, माझा नवरा कुणाची पोरं उपाशी ठेवून निजणाऱ्यातला नव्हता. मग बायका उतरल्या, त्यांच्यामागून लाजत लाजत पुरुष. मला रडू आवरेना. तिने मलाच दटावलं.

घरी आल्यावर म्हणाली, मी गेले की मला मशिदीमागे पुरा. बाबांशेजारची जागा आता सापडायची नाही, आणि सापडली तरी तिथे कसावा लागलेला असेल.

लोभ असू दे, आणि या खेपेला रजा काढूनच ये.
सिवेमा